वाहनाच्या आतील आवाज आणि त्याचे सक्रिय नियंत्रण : खडकी परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांमध्ये आवाजाला स्थान मिळणे अवघड असते. कागद उरतो, नाणे उरते, पडकी का होईना भिंत उरते. आवाज मात्र उमटला त्याच क्षणी नाहीसा होतो. त्यामुळे एखाद्या परिसराचा औद्योगिक इतिहास लिहिताना कारखाने, भांडवल, कामगारांची संख्या, उत्पादन यांची नोंद होते. परंतु त्या परिसरात राहणाऱ्या आणि प्रवास करणाऱ्या माणसाच्या कानावर दिवसभर काय पडत होते, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. प्रस्तुत लेखात हा प्रश्न खडकी परिसराच्या संदर्भात आणि तोही मर्यादित स्वरूपात, म्हणजे वाहनाच्या आत बसलेल्या माणसापुरता, विचारण्याचा प्रयत्न केला आहे.

यास निमित्त झाले ते एका तंत्राचे. आवाजावर आवाज सोडून तो नाहीसा करण्याचे हे तंत्र असून त्यास सक्रिय ध्वनिनियंत्रण असे म्हणतात. आज ते महागड्या मोटारींतून आणि कानात घालावयाच्या यंत्रांतून सर्वपरिचित झाले आहे. या तंत्राचे वर्णन साधारणतः शोधकांची नावे व सनावळी देऊन केले जाते. ते आवश्यक आहेच. परंतु शांतता ही वस्तू कोणाला, केव्हा आणि कोणत्या आसनावर मिळाली, असे विचारले तर तोच इतिहास वेगळा दिसू लागतो. त्या दृष्टीने खडकीइतके सोयीचे ठिकाण शोधूनही सापडणार नाही. एका बाजूला लोहमार्ग, दुसऱ्या बाजूला जुना मुंबई-पुणे रस्ता, मध्ये लष्करी छावणी व दारूगोळ्याचा कारखाना, लगत तेल-इंजिनांचा कारखाना आणि मुळा नदी ओलांडली की दापोडीची एस. टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा, अशी ही रचना आहे.

खडकी : रूळ, रस्ता आणि कारखाना

खडकीचे नाव मराठी वाचकास प्रथम आठवते ते ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांचे सैन्य आणि इंग्रज यांच्यात झालेल्या लढाईमुळे. या लढाईनंतर येथे छावणी वसली व इंग्रजांच्या तोंडी तिचे ‘किर्की’ झाले. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला आणि १८६३ साली बोरघाटातील मार्ग पूर्ण होऊन मुंबई व पुणे ही शहरे सलग रुळांनी जोडली गेली. १८६९ साली येथे दारूगोळ्याचा कारखाना निघाला. बॉम्बे सॅपर्सचे केंद्रही येथेच आहे. १९४० साली उच्च स्फोटकांचा कारखाना आणि १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपनीची स्थापना, हे पुढचे टप्पे होत. २०२१ साली आयुध निर्माणी मंडळाची पुनर्रचना झाल्यावर स्थापन झालेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीचे मुख्यालयही पुण्यातच आहे. सेनेच्या वाहनांची मोठी दुरुस्ती करणारी कार्यशाळा याच परिसरात आहे.

हा तपशील देण्याचे कारण एवढेच की, इंजिन बनविणारे, दुरुस्त करणारे, चालविणारे आणि त्यात नुसतेच बसणारे असे चारही प्रकारचे लोक येथे पिढ्यान्पिढ्या शेजारी राहिले. आवाजाकडे पाहण्याची या चौघांची दृष्टी एक नव्हती, हे पुढे दिसून येईल.

लोखंडी धाव ते रबरी टायर

यंत्रपूर्व काळातील वाहनेही शांत नव्हती. बैलगाडीच्या व टांग्याच्या चाकास बसविलेली लोखंडी धाव खडीच्या रस्त्यावर वाजे आणि तो आवाज चाकातून आसांत, आसांतून सांगाड्यात व सांगाड्यातून बसणाऱ्याच्या अंगात शिरे. येथे एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. वाहनात ऐकू येणारा आवाज दोन वाटांनी येतो. एक हवेतून येणारा आणि दुसरा धातूच्या सांगाड्यातून कंपनाच्या रूपाने येऊन आतल्या पत्र्यांना वाजविणारा. पहिल्यास दार-खिडक्या लावून अडविता येते, दुसऱ्यास नाही. डनलॉपने १८८८ साली हवा भरलेल्या टायरचे एकस्व घेतले. त्यातील खरी किमया अशी की, दुसरी वाट त्याने मुळाशीच अरुंद केली. पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांची कमान, आणि नंतर इंजिनाखाली बसविलेले रबरी ठोकळे हे त्याच मार्गावरील पुढचे टप्पे होत. धुराच्या नळीवरील सायलेन्सरचे एकस्व अमेरिकेतील रीव्ह्ज बंधूंनी १८९७ साली घेतले. म्हणजे मोटारगाडी बाल्यावस्थेत असतानाच तिला गप्प करण्याचे प्रयत्न सुरू झाले होते.

या सर्व उपायांना निष्क्रिय उपाय म्हणतात. आवाज शोषणे, अडविणे किंवा त्याचा मार्ग तोडणे एवढेच त्यात असते. त्यांची मर्यादा भौतिकशास्त्रातच आहे. एखाद्या पडद्याचे वजन दुप्पट केले तर त्यातून पार होणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने कमी होतो. परंतु आवाजाची वारंवारता निम्मी झाली की तेवढाच फायदा हातचा जातो. परिणामी तीक्ष्ण आवाज पातळ नमद्यानेही अडतात, तर घुमणारा खर्ज अडविण्यास भिंतीइतके जड काही लागते. वाहन ही हलकी ठेवावयाची वस्तू असल्याने हा पेच सुटत नाही.

लोहमार्गावर मात्र वेगळ्या रीतीने मोठा बदल घडला. कल्याण-पुणे मार्गाचे विद्युतीकरण १९२९ साली पूर्ण झाले आणि १ जून १९३० रोजी ‘दख्खनची राणी’ धावू लागली. वाफेच्या इंजिनाचे धापा टाकणे आणि फुत्कार या गाडीस नव्हते. येथे आवाज अडविला गेला नव्हता, आवाजाचा उगमच बदलला होता. खडकी स्थानकावर ही गाडी थांबत नसली तरी तिच्या येण्याजाण्याचा फरक फलाटावर उभ्या असलेल्या माणसासही कळावा असाच होता. उगमापाशी केलेला बदल आतल्या व बाहेरच्या अशा दोघांनाही सारखाच लाभतो, हे या उदाहरणाचे वैशिष्ट्य होय. पुढे मोटारीच्या बाबतीत इतिहासाने नेमकी उलटी दिशा धरली.

इंजिनाच्या आवाजाचा अर्थ

शंतनुराव किर्लोस्कर यांनी उभ्या केलेल्या खडकीच्या कारखान्यातून निघालेली डिझेल इंजिने महाराष्ट्राच्या विहिरींवर जाऊन बसली. विजेचे खांब पोहोचण्यापूर्वीच्या ग्रामीण महाराष्ट्रात हे इंजिन हा शेतीच्या दिवसाचाच एक भाग होता. एका सिलिंडरचे, मिनिटास १५०० फेरे घेणारे चौघाती इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा पेटते. म्हणजे सेकंदास साडेबारा ठोके. इतके सुटे ठोके कानास स्वर म्हणून न जाणवता फटफट म्हणूनच जाणवतात. कोणाच्या विहिरीवर पाणी सुरू झाले, कोणाचे इंजिन दमले, हे शेजारच्या शेतातील माणूस न पाहता सांगे. हा आवाज त्रासाचा होता काय? होता, परंतु तो वार्तेचाही होता.

कारागिराच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच खरी आहे. बोपोडी, दापोडी, खडकी बाजार या भागांतील गॅरेजमध्ये आजही जुना मिस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनास टेकवून मूठ कानास लावताना दिसतो. ‘टॅपिट वाजतंय’, ‘बेअरिंग गेलंय’, ‘नॉक करतंय’ हे निदान तो कानानेच करतो. डॉक्टरच्या स्टेथोस्कोपपेक्षा ही विद्या तिळमात्र कमी नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मात्र याच कारागिराच्या कानाची किंमत औद्योगिक युगाने वसूल केली. ग्लासगो येथील थॉमस बार यांनी १८८६ साली बॉयलर बनविणाऱ्या कामगारांच्या श्रवणशक्तीचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हापासून ही गोष्ट शास्त्राला ठाऊक आहे. मोठ्या आवाजाने येणारे बहिरेपण सुमारे ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होते. बोलण्यातील ‘स’, ‘श’, ‘त’ यांसारखी व्यंजने प्रथम पुसट होतात; माणसाला बोलणे ऐकू येते पण कळत नाही. घरचे लोक म्हणतात, ‘हल्ली यांचे लक्ष नसते.’ भारतातील कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत या बहिरेपणाचा समावेश अधिसूचित व्यावसायिक आजारांत केलेला होता आणि आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा सर्वसाधारणपणे मानली गेली आहे. परंतु कारखान्याच्या फाटकाबाहेर, चालकाच्या आसनावर बसलेल्या कामगारास या मर्यादेचा आधार कितपत मिळाला, हा प्रश्न उरतोच.

चालकाचे आसन

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. पुढे दापोडी येथील मध्यवर्ती कार्यशाळेत एस. टी.च्या बसगाड्यांचे सांगाडे बांधले जाऊ लागले. ट्रकच्या सांगाड्यावर बसची बांधणी ही त्या काळातील सर्वमान्य पद्धत होती. इंजिन पुढे असे आणि चालकाच्या डाव्या हातास, केबिनच्या आतच, त्याचे बॉनेट असे. त्यावर रेक्झिनचे जाड आच्छादन असले तरी उष्णता आणि आवाज दोन्ही तेथूनच येत. मागे ॲल्युमिनियमचे पत्रे, रिव्हेट आणि सरकत्या काचा. बस उभी असताना या काचा ज्या रीतीने थरथरतात, ती महाराष्ट्रातील प्रत्येक प्रवाशाच्या ओळखीची आहे.

ही थरथर कोठून येते, हे साध्या गणिताने सांगता येते. सहा सिलिंडरचे चौघाती इंजिन मंद गतीने, समजा मिनिटास ६०० फेऱ्यांनी चालू असेल, तर सेकंदास ३० ठोके पडतात. हे ३० हर्ट्झचे कंपन पत्र्यात व काचेत उतरते. कान या खर्जास फारसा संवेदनशील नसतो. डेसिबल मोजण्याच्या प्रचलित ‘ए’ पद्धतीतही त्यास जवळजवळ ४० डेसिबलची सूट दिलेली असते. म्हणून मापकावर आकडा लहान दिसतो. परंतु आठ तास स्टिअरिंग धरणाऱ्याच्या छातीत आणि पाठीत तो उतरतो तो उतरतोच. ‘मापकावरचा आवाज’ आणि ‘माणसास जाणवणारा आवाज’ यांतील हे अंतर प्रस्तुत विषयाच्या गाभ्याशी आहे. फ्लेचर व मन्सन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या वारंवारतांना कान कसा प्रतिसाद देतो याचे आलेख १९३३ साली प्रसिद्ध केले. वाहनाच्या आतील आवाज कसा मोजावा याविषयीचे आंतरराष्ट्रीय मानक मात्र १९८० साली निघाले.

पुणे महानगर परिवहन महामंडळ २००७ साली पुणे व पिंपरी-चिंचवडच्या दोन स्वतंत्र परिवहन उपक्रमांच्या एकत्रीकरणातून अस्तित्वात आले. मागे इंजिन असलेल्या बसगाड्या त्या सुमारास शहरात वाढू लागल्या आणि चालकाच्या शेजारचे बॉनेट हळूहळू हटले. चालकाच्या कानाच्या दृष्टीने ही मोठीच सुधारणा होती. यात कोणतेही सूक्ष्म तंत्र नव्हते. इंजिन दहा मीटर मागे गेले, एवढेच. आवाज मात्र मागच्या आसनावरील प्रवाशाकडे आला.

रिक्षाची स्थिती याहून निराळी. आकुर्डीच्या बजाज ऑटोने १९७७ साली मागे इंजिन असलेली रिक्षा आणली. तिचे दोघाती, एका सिलिंडरचे इंजिन प्रत्येक फेऱ्यास पेटे. मिनिटास ४५०० फेरे धरले तर ७५ हर्ट्झचा सलग घुमारा होतो. सी. एन. जी.वरील चौघाती इंजिन आल्यावर तेवढ्याच फेऱ्यांत हा आकडा साडेसदतीसवर आला आणि ज्यांनी दोन्ही ऐकले आहेत त्यांना रिक्षाचा स्वर ‘खाली उतरल्याचे’ आठवत असेल. प्रस्तुत लेखकाचे शालेय जीवन मुंबई-पुणे रस्त्यावरील सहा आसनी डिझेल रिक्षांतून गेले. चालकाच्या बाजूस अर्ध्या आसनावर बसून केलेल्या त्या प्रवासानंतर शाळेच्या पहिल्या तासाला कानात एक बारीक शीळ ऐकू येत असे. ती सर्वांनाच ऐकू येते, अशी तेव्हा समजूत होती. ती श्रवणेंद्रियाची तक्रार होती, हे फार नंतर कळले. आपण वीस मिनिटांत उतरत होतो आणि चालक दिवसभर तेथेच बसत होता, हे तर त्याहूनही नंतर लक्षात आले.

आवाजाने आवाज : कल्पनेचा उदय

आता मूळ तंत्राकडे वळू. दोन लहरी एकमेकींस छेदतात तेव्हा त्यांची बेरीज होते आणि एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर आला तर दोन्ही नाहीशा होतात, हे तत्त्व एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी थॉमस यंग यांच्यापासून ज्ञात होते. परंतु त्याचा उपयोग आवाज शमविण्यासाठी करावा, हे जर्मनीतील पॉल ल्यूग यांनी मांडले. त्यांनी १९३३ साली जर्मनीत एकस्वासाठी अर्ज केला व ९ जून १९३६ रोजी त्यांना अमेरिकेचे एकस्व क्रमांक २०४३४१६ मिळाले. नळीतून येणारा आवाज मायक्रोफोनने आधी ऐकावा आणि पुढे असलेल्या ध्वनिक्षेपकातून त्याची उलटी प्रतिमा सोडावी, अशी ती योजना होती. विजेचा संदेश ध्वनीपेक्षा कितीतरी वेगाने जातो, हाच तिचा आधार. फ्लेचर-मन्सन यांचे आलेख आणि ल्यूग यांचा अर्ज एकाच वर्षातले असावेत, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे; पहिल्याने माणूस काय ऐकतो ते सांगितले, दुसऱ्याने ते कसे पुसावे हे.

कल्पना झाली, साधन नव्हते. १९५३ साली हॅरी ओल्सन व एव्हरेट मे यांनी ‘इलेक्ट्रॉनिक ध्वनिशोषक’ मांडला व आसनावर बसलेल्या माणसाच्या डोक्यापाशी शांततेचा लहानसा टापू निर्माण करून दाखविला. १९५६ साली विल्यम कॉनोव्हर यांनी ट्रान्सफॉर्मरच्या गुणगुणण्यावर हाच प्रयोग केला. त्याच दशकात लॉरेन्स फोगेल आणि विलार्ड मीकर यांनी हवाई दलाच्या गरजा समोर ठेवून कानावर बसणाऱ्या उपकरणांचा विचार केला. अडचण सर्वत्र एकच होती. मूळ आवाज सारखा बदलतो. त्याची उलटी प्रतिमा तितक्याच अचूकपणे क्षणोक्षणी बदलत ठेवणे निर्वात नळ्यांच्या मंडलांना शक्य नव्हते. किती अचूकता लागते? आवाज २० डेसिबलने कमी करावयाचा असेल, तर कलेतील चूक सुमारे सहा अंशांपेक्षा अधिक चालत नाही. चूक साठ अंशांच्या पुढे गेली की शांतता दूरच, आवाज वाढतो.

ही कोंडी फोडली ती गणिताने आणि अंकीय यंत्रांनी. बर्नार्ड विड्रो व त्यांचे विद्यार्थी मार्शियन हॉफ यांनी १९६० साली स्वतःची चूक पाहून स्वतःस दुरुस्त करीत जाणारी सोपी गणनपद्धती मांडली. हेच हॉफ पुढे १९७१ च्या पहिल्या व्यापारी मायक्रोप्रोसेसरच्या शिल्पकारांपैकी एक झाले. १९८० च्या सुमारास या पद्धतीस ध्वनिनियंत्रणास अनुरूप रूप मिळाले. त्याच दशकात संदेशप्रक्रियेच्या स्वतंत्र चिप बाजारात आल्या आणि ल्यूग यांची पन्नास वर्षे जुनी कल्पना प्रत्यक्षात येऊ लागली.

या कथेत एक भारतीय धागा आहे. अमर बोस यांचे वडील नोनी गोपाल बोस हे बंगालमधील स्वातंत्र्यचळवळीत सहभागी झालेले व नंतर अमेरिकेत गेलेले गृहस्थ. अमर बोस १९७८ साली युरोपातून अमेरिकेस परतताना विमानात मिळालेल्या हेडफोनवर संगीत ऐकत होते. विमानाच्या आवाजात ते नीट ऐकू येईना, तेव्हा प्रवासातच त्यांनी प्राथमिक आकडेमोड केली, ही हकिकत प्रसिद्ध आहे. १९८६ साली न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या ‘व्हॉयेजर’ विमानाच्या वैमानिकांनी त्यांच्या उपकरणांचे प्रायोगिक नमुने वापरले व १९८९ साली वैमानिकांसाठी ते उपकरण बाजारात आले. येथे नोंदविण्याजोगी गोष्ट अशी की, प्रेरणा मिळाली प्रवाशाच्या संगीतातून, परंतु पहिला लाभ मिळाला चालकास, म्हणजे वैमानिकास. असे क्वचितच घडते.

मोटारीच्या केबिनमध्ये

ब्रिटनमधील साउदॅम्प्टन विद्यापीठात फिलिप नेल्सन व स्टीफन एलियट यांनी १९८० च्या दशकात पंख्याच्या विमानांत व मोटारींत या तंत्राचे प्रयोग केले. १९९० च्या दशकाच्या आरंभी जपानमध्ये निसानने आपल्या ‘ब्लूबर्ड’ मोटारीत ते प्रथम बसविले. ते लगेच पसरले नाही. स्वतंत्र ध्वनिक्षेपक, स्वतंत्र विद्युत मंडल यांचा खर्च जड होता. २००० साली होंडाने ‘ॲकॉर्ड’च्या वॅगन प्रकारात रस्त्यावरून येणारा खर्ज कमी करण्यासाठी मोटारीतील संगीतयंत्रणेचेच ध्वनिक्षेपक वापरले. ही युक्ती निर्णायक ठरली. ध्वनिक्षेपक आधीच होते. आता फक्त मायक्रोफोन व चिप यांचीच भर घालावयाची होती.

हे तंत्र मोटारीत इतके चपखल का बसते, हे समजून घेण्यासारखे आहे. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटास ३००० फेऱ्यांनी चालत असता सेकंदास १०० ठोके पडतात. बंद केबिनची लांबी साधारण दोन मीटर धरली तर तिचा स्वतःचा पहिला अनुनाद सुमारे ८५ हर्ट्झवर येतो. म्हणजे इंजिनाचा ठोका केबिनला नेमका घुमवितो. मोठ्या रस्त्यावर कानावर दाब आल्यासारखे वाटते ते यामुळे. आता १०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर असते आणि शमनाचा टापू तिच्या साधारण एकदशांश, म्हणजे ३४ सेंटिमीटर. माणसाचे डोके थोडे हलले तरी त्यात मावते. इंजिनाच्या फेऱ्यांची नोंद मोटारीच्या यंत्रणेत आधीच असल्यामुळे कोणता आवाज येणार हे मायक्रोफोनने ऐकण्यापूर्वीच ठाऊक असते. निष्क्रिय उपाय जेथे हतबल होतात नेमके तेथेच हे तंत्र समर्थ आहे.

त्याची मर्यादाही याच गणितात आहे. १००० हर्ट्झला हा टापू तीन-साडेतीन सेंटिमीटर उरतो. दोन्ही कानही त्यात मावत नाहीत. खडकी बाजारातील हॉर्न, ब्रेकची किंकाळी, मागच्या ट्रकचे कर्कश भोंगे यांतील कानास टोचणारा भाग याहूनही वरच्या वारंवारतांत असतो. केबिनमधील ध्वनिक्षेपकांना तो पुसता येत नाही. तो अडवावा लागतो काच आणि रबर यांनीच. आपल्याकडील रस्त्यावरच्या प्रवाशाची पहिली तक्रार हॉर्नची असते आणि या तंत्राचे सामर्थ्य खर्जात आहे, हा विरोधाभास जाहिरातींत सहसा येत नाही.

इंधनाचा प्रश्नही यात गुंतला आहे. होंडाने २००३ च्या सुमारास सहा सिलिंडरच्या इंजिनातील तीन सिलिंडर गरज नसताना बंद ठेवण्याची योजना आणली. इंधन वाचले, पण उरलेल्या तीन सिलिंडरांचा विरळ, ओबडधोबड ठोका आत घुमू लागला. तो सक्रिय नियंत्रणाने पुसल्यामुळेच ही योजना ग्राहकास सोसली. अर्थात शांतता ही येथे चैन नसून काटकसरीची पूर्वअट होती. दुसरे टोक पाहावयाचे तर २०११ ची बी. एम. डब्ल्यू. ‘एम ५’ पाहावी. केबिन इतकी शांत झाली की चालकाला इंजिनाचा दमदार आवाज हवासा वाटू लागला आणि तो ध्वनिक्षेपकातून आत सोडण्यात आला! आवाज आधी खर्च करून घालवावा आणि मग खर्च करून आणावा, असा हा प्रकार आहे. परंतु वर पाहिलेल्या मिस्त्रीच्या कानाची आठवण ठेवली तर यात केवळ हसण्यासारखे काही नाही. आवाज हा माणसाला यंत्राशी जोडणारा दुवा आहे आणि तो तुटला की माणूस अस्वस्थ होतो.

रस्त्याचा आवाज इंजिनासारखा नियमित नसतो. तो पुसणे अधिक अवघड. २०१९ साली ह्युंदाईने चाकांजवळच्या कंपनमापकांवरून हा आवाज आधीच ओळखून शमविण्याची प्रणाली जाहीर केली. कंपनीच्या सांगण्यानुसार त्यामुळे केबिनमधील आवाज सुमारे ३ डेसिबलने घटतो. तीन डेसिबल म्हणजे ध्वनीची शक्ती निम्मी. मात्र कानास आवाज ‘निम्मा झाला’ असे वाटण्यास साधारणतः १० डेसिबलची घट लागते. जाणवणारी शांतता आणि मोजलेली शांतता यांचे हे आणखी एक अंतर. शिवाय खर्ज गेला की त्याखाली दडलेले लहान आवाज वर येतात. डॅशबोर्डची करकर, दाराच्या कडीची टकटक पूर्वीही होती. ती आता ऐकू येते. विजेवरील मोटारींच्या बाबतीत अभियंत्यांना नेमका हाच अनुभव येत आहे.

पुण्यातील चाचण्या आणि कायदा

पुण्याच्या वेताळ टेकडीवरील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ साली स्थापन झाली. वाहनांचा आवाज व कंपने मोजण्याचे काम तेथे चालते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११९ हॉर्नविषयी व १२० सायलेन्सरविषयी आहे. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम २००० साली आले. यांतून बाहेरच्या आवाजाचे नियमन झाले. खडकीच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा ठरला तो जनित्रसंचांविषयीचा नियम. १ जानेवारी २००५ पासून बनणाऱ्या, १००० के. व्ही. ए. पर्यंतच्या डिझेल जनित्रसंचाचा आवाज आवरणापासून एक मीटरवर ७५ डेसिबलपेक्षा अधिक असता कामा नये, असे ठरले. भारनियमनाच्या त्या वर्षांत दुकानोदुकानी जनित्रे धडधडत असत. नियमानंतर नवे इंजिन ध्वनिरोधक पेटीत बसूनच बाजारात येऊ लागले. आवाज उगमापाशी अडविण्याची सक्ती झाली की उद्योग ते करून दाखवितो, याचे हे घरचे उदाहरण आहे.

मोटारीतील सक्रिय नियंत्रणाची दिशा याच्या विरुद्ध आहे. ते रस्त्यावरचा आवाज एका कणानेही कमी करीत नाही. आत बसलेल्या चार जणांच्या डोक्यापुरता तो पुसते. या तंत्रास दोष देण्याचा येथे हेतू नाही. लांबच्या प्रवासात खर्जाने येणारा थकवा खरा आहे आणि त्यावर हा उपाय खरा आहे. रणगाड्यांसारख्या साखळीच्या वाहनांत, जेथे आतील आवाज ११० डेसिबलच्या पलीकडे जातो, तेथे कानावरील अशा उपकरणांनी सैनिकांचे श्रवण वाचते व आज्ञा नीट ऐकू येते. आक्षेप आहे तो वाटपाविषयी. ज्याच्याकडे बंद काचा, वातानुकूलन आणि जाड रबरी कडा आधीच आहेत, त्याच्याच वाट्यास हे तंत्र येते. रिक्षास केबिनच नाही. उघड्या बाजूंनी येणाऱ्या आवाजास पुसावयाचा टापू तेथे बांधताच येत नाही. बसमध्ये केबिन आहे, पण चालकाच्या आसनाच्या डोकेटेकूत दोन लहान ध्वनिक्षेपक बसविण्याचा विचार कोणी गांभीर्याने केल्याचे प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. वास्तविक ओल्सन आणि मे यांचा १९५३ चा प्रयोग नेमका एका आसनासाठी होता. दिवसातील आठ तास एकाच आसनावर, जवळपास एकाच स्थितीत डोके ठेवून बसणारा माणूस या तंत्रास सर्वांत अनुकूल ठरावा. तो माणूस मोटारीचा मालक नसून बसचा, मालट्रकचा चालक आहे.

अलीकडे खडकीचे ध्वनिचित्र पुन्हा बदलत आहे. २०१९ पासून पुण्याच्या सार्वजनिक बसताफ्यात विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या. पिंपरी ते स्वारगेट या मेट्रोमार्गाचा फुगेवाडीपर्यंतचा भाग २०२२ साली, तर तेथून पुढे दिवाणी न्यायालयापर्यंतचा भाग २०२३ साली सुरू झाला. हा मार्ग खडकीतून जातो. इंजिनाचा ठोका गेलेल्या या बसगाड्यांत चालकास प्रथमच टायरचा, वाऱ्याचा आणि प्रवाशांच्या बोलण्याचा आवाज ऐकू येऊ लागला आहे. १९३० साली लोहमार्गावर जे घडले ते नव्वद वर्षांनी रस्त्यावर घडू लागले, असे म्हणता येईल. त्याच वेळी विजेवरील वाहन पादचाऱ्यास ऐकू यावे म्हणून त्यास मुद्दाम आवाज देण्याचा संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीतील नियम २०१६ साली झाला आहे. जुना मुंबई-पुणे रस्ता ओलांडणाऱ्या वृद्धास तो आवाज हॉर्नच्या गदारोळात कितपत ऐकू येईल, ही वेगळी बाब.